निबंधातली मांजर आणि गोधडीतली मांजर



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी फळ्यावर लिहून दिलाय. मीही दिलाय. 'मांजर हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन डोळे व एक शेपूट असते. तिला दूध आवडते. ती उंदीर पकडते. मला मांजर खूप आवडते.' माझ्या चौथीच्या वर्गात चोवीस मुलं. चोवीस वह्या तपासल्या, चोवीस वह्यांत हीच मांजर. एका मुलाच्या घरी मांजर दुधाचं पातेलं सांडते म्हणून त्याची आई रोज तिच्यामागे खराटा घेऊन पळते. त्याच्या वहीतही शेवटी 'मला मांजर खूप आवडते'. मी लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि सही केली. शुद्धलेखन चोख होतं, चूक काढायला जागाच नव्हती.

त्याच वर्गाबरोबर आम्ही पुढे मांजरांची गोधडी शिवली. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. प्रत्येक मुलाचा एक चौकोन, प्रत्येक चौकोनात एक मांजर, आणि सगळे चौकोन जोडून एक वाकळ. ती गावातल्या अंगणवाडीला द्यायची ठरली होती. दुपारी लहान पोरं फरशीवर निजतात, त्यांच्या अंगाखाली घालायला.

त्या दोन महिन्यांवरून माझं एक मत झालं आहे, ते आज मांडतो. प्राथमिक शाळेत सुईदोरा प्रत्येक मुलाच्या हातात आला पाहिजे, मुलाच्याही आणि मुलीच्याही. त्यासाठी कार्यानुभवाच्या तासिकेचे चार कागदी नमुने पुरेसे नाहीत, एक खरी, वापरायची वस्तू पूर्ण झाली पाहिजे. आणि ती वस्तू मुलांचीच राहिली पाहिजे, वाकडी झाली तरी. तुम्हाला पटेल न पटेल, पण आधी सगळं ऐकून घ्या.

सुरुवात बघण्यापासून

पहिल्या दिवशी मी मुलांना मांजर काढायला सांगितलं. बहुतेकांनी एक मोठा गोल, वर छोटा गोल, दोन कान आणि हसरं तोंड काढलं. डोळे माणसासारखे. मिशा कुणाच्या नाकातून निघालेल्या, कुणाच्या डोक्यातून.

आमच्या शाळेत पोषण आहाराच्या खोलीमागे एक मांजर कायम असते. खिचडी शिजवणाऱ्या मावशी तिला रोज थोडं काहीतरी घालतात. मी म्हटलं, चला, वह्या घ्या, तिच्यापासून चार पावलं लांब बसा, गप्प बसा आणि बघा.

एका तासात मुलांनी काय काय आणलं! उन्हात डोळ्यातली काळी बाहुली उभ्या रेघेसारखी होते, सावलीत गोल होते. कान वेगवेगळे हलतात, एक इकडे आणि एक तिकडे. पुढच्या पायाला बोटं किती यावरून भांडण लागलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीने घरचं मांजर मांडीवर घेऊन बोटं मोजली आणि सांगितलं, पुढे पाच-पाच, मागे चार-चार. एकूण अठरा. मी स्वतः तोपर्यंत वीस समजत होतो. खरं सांगायचं तर मी कधी विचारच केला नव्हता.

मग मिशांवर बोललो. त्या नुसत्या शोभेच्या नसतात, आजूबाजूचं जाणवण्यासाठी असतात, अंधारात जवळची वस्तू त्यांना कळते. तिरंगी मांजर, म्हणजे पांढरी-काळी-तांबूस, बहुतेक वेळा मादीच असते, हेही सांगितलं. लगेच तिघी जणींनी ठरवलं की आपण तीन कापडांची मांजर करायची, आणि ती 'मनी'च असणार, 'बोका' नाही.

एवढं झाल्यावर पुन्हा मांजर काढायला सांगितलं. या वेळी चोवीस वेगवेगळी चित्रं आली. झोपलेली, अंग चाटणारी, शेपटी फुगवलेली, भिंतीवरून नुसतं डोकं दिसणारी. ही चित्रंच आमचे नमुने झाले. कार्डशीटवर काढायचे, कापायचे आणि कापडावर ठेवून खडूने रेघ मारायची.

गणित आपणहून आलं

वाकळ ८० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब करायची ठरली. रुंदीला चार आणि लांबीला सहा चौकोन, म्हणजे बरोबर चोवीस. एक चौकोन किती सेंटिमीटरचा? वीस. हे मुलांनी पटकन काढलं.

पण शिवण घालायला चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर कापड जास्त लागतं, म्हणून कापायचा तो २२ चा. मी हे फळ्यावर लिहिलं होतं, दोनदा सांगितलंही होतं. तरी सात जणांनी २० चेच कापून आणले. मी रागावणार होतो, पण थांबलो. म्हटलं, जोडून तर बघा. शिवल्यावर तो चौकोन १८ चा झाला आणि शेजारच्या चौकोनाला लागेना. मग विचारलं, सगळ्यांनीच असं केलं असतं तर? सहा चौकोन, प्रत्येकी १८, म्हणजे १०८. एकशेवीसच्या जागी १०८. 'गुरुजी, मग पोरांचे पाय बाहेर!' असं एक जण ओरडला. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण मी दर वर्षी शिकवतो. ती त्या दिवशी कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

कडेला काठ लावायचा तर किती लागेल? परिमिती. ८० आणि १२० ची बेरीज, तिची दुप्पट, ४०० सेंटिमीटर, म्हणजे ४ मीटर. साडी साधारण साडेपाच मीटरची, म्हणजे एका साडीचा काठ पुरतो. आतल्या थरांसाठी एका आजींनी जुनी नऊवारी दिली. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, तर नऊ वार म्हणजे किती? साधारण ८२३ सेंटिमीटर. त्यातून ८० सेंटिमीटरचे तुकडे किती पडतील? दहा, आणि २३ सेंटिमीटर कापड उरेल. बाकी म्हणजे काय हे भागाकारात आम्ही वर्षभर घोकतो. इथे बाकी मुलांच्या हातात होती आणि तिचं काय करायचं यावर चर्चा चालू होती. शेवटी त्यातून मांजरांच्या शेपट्या झाल्या.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकातही आहे. आहेच. पण पुस्तकातलं उत्तर चुकलं तर मी लाल खूण करतो आणि मुलगा पान उलटतो. कापड चुकलं की ते चुकलेलं डोळ्यांसमोर राहतं, आणि ते मलाही पुसता येत नाही.

शिकवणाऱ्या आजी

मला गोधडी शिवता येत नव्हती. डी.एड.ला कार्यानुभवाची फाईल केली होती, तीत रुमालाचे चार टाके होते. ते कुणाकडून घालून घेतले होते ते इथे सांगत नाही.

म्हणून गावातल्या दोन आजींना शाळेत बोलावलं. त्या आधी येईचनात. 'आमाला काय येतंय शाळंत शिकवाया? आमी अंगठेबहाद्दर.' दोनदा घरी गेलो तेव्हा आल्या. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसायलाही तयार नव्हत्या. मग सगळा वर्गच जमिनीवर बसला.

त्यांच्याकडचं ज्ञान म्हणजे काय, तर थर एकावर एक घालताना सुरकुती राहिली की ती पुढे अंगाला टोचते, म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर बसवून घ्यायचे. मग काठाकडून सुरू करून आत आत, चौकोनात चौकोन येईल असा धावदोरा घालत मध्याकडे यायचं. टाका वरून दिसतो तेवढाच खालून दिसला पाहिजे. कापड नवं नको, धुवून धुवून मऊ झालेलं हवं. रंग जाणारं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून बघायचं. हे सगळं त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्याबरोबर ते जाणार आहे, आणि आपण मात्र मुलांना 'सांस्कृतिक वारसा' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगतो.

आजींना सुईचं नेढं दिसत नव्हतं. मुलांना टाका येत नव्हता. मग मुलांनी दोरा ओवून द्यायचा आणि आजींनी टाका दाखवायचा, असा व्यवहार ठरला. नेढं हा शब्द माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नव्हता. उसवणे, ओवणे, ठिगळ, चिंधी, काठ, पदर, धावदोरा असे कितीतरी शब्द आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत गेलो. महिन्याभरात तो कोपरा पुरेना.

'ठिगळ' शब्दावर एक प्रसंग घडला. आजी म्हणाल्या, मांजराचं ठिगळ लावा आता चौकोनावर. एका मुलाने हळूच विचारलं, 'म्हणजे माझ्या चड्डीला हाय तसं?' दोघं-तिघं हसले. मला पटकन काय बोलावं ते सुचलं नाही. आजींनी त्याला जवळ बोलावलं, त्याच्या चड्डीचं ठिगळ उलटसुलट करून बघितलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, 'बगा, ह्याच्या आईचा टाका बगा. असा बारीक टाका तुमाला आला पायजे.' त्यानंतर दोन दिवस पोरं त्याच्या गुडघ्यावरचा टाका बघून आपला टाका जुळवत होती. बी.एड., डी.एड., प्रशिक्षणं, कार्यशाळा सगळं करूनही ते वाक्य मला सुचलं नसतं.

जुन्या कापडातून ऊब करायची ही रीत आपल्याकडेच नाही. बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी आहे, राजस्थान आणि सिंधकडे रल्ली आहे, आणि आपल्या शेजारी उत्तर कन्नडमध्ये सिद्दी समाजाच्या बाया कवंद शिवतात. या सगळ्या घरातल्या बायकांनी फाटक्या कापडातून केलेल्या कला आहेत. आज त्यातल्या काही वस्तू शहरातल्या प्रदर्शनांत मोठ्या किमतीला जातात. मुलांना नकाशावर ही ठिकाणं दाखवली तेव्हा एक मुलगी म्हणाली, 'म्हणजे समद्यांच्या आज्या सारख्याच.' भूगोलाचा असा तास मी आधी घेतला नव्हता.

'पोराला शिंपी करायचाय का?'

आता अडचणींकडे येतो.

पहिल्याच आठवड्यात एक पालक शाळेत आले. 'गुरुजी, पोरीचं ठीक आहे, पण माझ्या पोराच्या हातात सुई कशाला? त्याला काय शिंपी करायचाय का?'

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की ज्या संत नामदेवांचे अभंग आपण पुस्तकात शिकवतो ते शिंपी घराण्यातले होते. त्यांच्या ६१ रचना शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तेव्हा शिंपी हा शब्द कमीपणाने वापरायचं कारण नाही. दुसरी गोष्ट साधी होती. म्हटलं, पोरगं उद्या शिकायला पुण्याला जाईल, खोलीवर राहील, शर्टाचं बटण तुटेल. त्या वेळी आईला फोन करणार का?

ते हसले, पण पटलं असं म्हणाले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांच्या पोराने घरून आईचं जुनं पोलकं आणलं आणि सांगितलं, 'पप्पांनी दिलं.' मी त्यावर काही बोललो नाही.

आपण डी.एड.ला १९८६ च्या धोरणातले दहा गाभाघटक पाठ केले. त्यात स्त्री-पुरुष समानता आहे, वैज्ञानिक दृष्टिकोन आहे. परीक्षेत ते लिहून गुणही मिळवले. पण वर्गात केर काढायला मुली आणि टेबल उचलायला मुलं, हे आपणच सांगतो. शिवणकामाचा विषय निघाला की मुलींकडे बघतो. समानतेवरचा पाठ वाचून जे होत नाही ते एका मुलाने शेजारच्या मुलीला 'माझा टाका उसवून दे गं, गाठ बसलीय' असं म्हणताना होतं.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, तोच पुढे नई तालीम म्हणून ओळखला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आणि स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना आहे. चांगलीच आहे. माझं म्हणणं एवढंच, सहावीपर्यंत कशाला थांबायचं? चौथीच्या मुलाची बोटं शिकायला तयार असतात. आणि कारागीर शोधायला लांब जावं लागत नाही, ते शाळेच्या शेजारच्या ओट्यावर बसलेले असतात.

काळी मांजर

खरी परीक्षा पुढे झाली.

एका मुलीने आईच्या जुन्या काळ्या परकरातून मांजर कापली. वाकळेतली सगळ्यात सुबक मांजर तीच होती. पाठ वर काढलेली, शेपटी उभी आणि पिवळ्या दोऱ्याचे दोन डोळे. पालक सभेत अर्धवट जोडलेली वाकळ मांडली तेव्हा एक आई म्हणाल्या, 'गुरुजी, बाकी छान आहे, पण काळी मांजर काढा. लहान लेकरं निजणार त्याच्यावर. काळी मांजर आडवी गेलेली चालत नाही, तुम्ही तिच्यावर झोपवताय.' आणखी दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणालो, 'बघू, बदलू.' वाद नको म्हणून. घरी जाताना मनात हिशेबही केला, एक चौकोन उसवायचा, दुसरा लावायचा, अर्ध्या तासाचं काम. त्या मुलीला काय सांगायचं याचा विचार मी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, 'गुरुजी, मीच काढते माझी. तुमी नका उसवू, तुमचा टाका जोरात बसतो, कापड फाटंल.' तेव्हा मला माझीच लाज वाटली. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा प्रश्न होता आणि मी उंदरांत जाऊन बसलो होतो.

मग वर्गालाच विचारलं. काळी मांजर आडवी गेली की वाईट होतं, हे खरं का? कसं कळेल? मुलांनीच ठरवलं, वही करायची. दोन आठवडे रोज शाळेत येताना मांजर आडवी गेली का, कोणत्या रंगाची, आणि त्या दिवशी काही वाईट झालं का, हे लिहायचं. रकाने आखले. 'वाईट' म्हणजे काय यावरच एक तासिका गेली. गृहपाठ विसरला आणि छडी बसली तर ते मांजरामुळे की विसरल्यामुळे? (आमच्या वर्गात छडी नाही, पण मुलांना उदाहरण आवडलं.)

दोन आठवड्यांनी वही बघितली. मांजर आडवी गेलेल्या दिवशी काहींचं काही बिघडलं होतं, बहुतेकांचं नव्हतं. मांजर दिसलीच नाही त्या दिवशीही पडणं, हरवणं, भांडणं चालूच होती. सायकलवरून पडून ज्याचा गुडघा फुटला त्याला त्या दिवशी वाटेत फक्त म्हैस आडवी आली होती. मुलं म्हणाली, मग म्हैस अपशकुनी का? सगळे खूप हसले. एक मुलगा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की दोन आठवडे कमी आहेत, वर्षभर लिहायला पाहिजे. मला तो मुलगा सगळ्यात जास्त आवडला.

मी त्यांना हेही सांगितलं की समजुती गावोगावी वेगळ्या असतात. ब्रिटनमध्ये आणि जपानमध्ये काळी मांजर शुभ मानणारे लोक आहेत. बंगालात षष्ठी ही लहान मुलांना सांभाळणारी देवी, तिचं वाहन मांजर आहे. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर जिची पूजा करतात ती सटवाई म्हणजे षष्ठीच. मग तीच मांजर तिकडे लेकरं सांभाळते आणि इकडे लेकरांना बाधते, असं कसं?

पुढच्या सभेत मी बोललो नाही. मुलांनी वही वाचून दाखवली. त्या आईंचं समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या, 'तुमचं शिक्षणाचं ठीक आहे, पण मनाला लागतंच की.' मी त्यांना खोटं ठरवलं नाही. लहानपणापासून ऐकलेलं एका वहीने जात नाही, हे मलाही कळतं. वाकळ शिवणाऱ्या आजी तिथेच बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, 'काळ्यावर मळ दिसत न्हाई. लेकरांच्या वाकळंला काळं बरंच हाय की.' त्यावर सभा संपली. काळी मांजर तिच्या जागी राहिली.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे आपल्या संविधानात नागरिकांचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. परिपाठाला आपण संविधानाची उद्देशिका रोज म्हणतो. पण कर्तव्याची वेळ आली तेव्हा मी 'बघू, बदलू' म्हणालो होतो. त्या मुलीने सुई हातात घेतली नसती तर मी तो चौकोन गुपचूप काढून टाकला असता.

मुलांचं काम मुलांचंच राहू द्या

पालकहो, एक विनंती तुम्हाला. प्रकल्प शाळेतून घरी आला की तो तुम्ही करता. मी पण पालक आहे, मला माहीत आहे. रात्री दहा वाजता थर्माकोल कापणारे आई-वडील मीही आहे. आमच्याही दोन मुलांचे चौकोन घरून मशीनवर शिवून आले. टाका इतका सरळ की पट्टीने आखल्यासारखा. मी ते परत पाठवले. एका आईला वाईट वाटलं. पण त्या मुलाला विचारलं, 'तुझी मांजर कोणती?' तर तो बोट दाखवताना अडखळला. बाकीची पोरं आपली मांजर डोळे झाकून, टाक्यावरून बोट फिरवून ओळखत होती.

आणि आपण शिक्षकांनीही एक पथ्य पाळावं. फोटो चांगला यावा म्हणून वाकडा कान नीट करून देऊ नये. आमच्या वाकळेत एका मांजरीला तीनच पाय आहेत, एकीची शेपटी शेजारच्या चौकोनात गेली आहे. राहू दे.

सुई, वेळ आणि खर्च

सुईची भीती रास्त आहे. आम्ही बारा सुया घेतल्या, दोघांत एक. सुया साबणाच्या वडीत टोचून ठेवायच्या, देताना मोजायच्या, घेताना मोजायच्या. बारा झाल्याशिवाय कुणी जागेवरून उठायचं नाही. एकदा अकरा भरल्या. प्रयोगपेटीतलं चुंबक सतरंजीवरून फिरवलं, बारावी मिळाली. विज्ञानाचा तोही तास झाला. सुरुवातीला बोथट टोकाची सुई आणि जाड दोरा द्या. जाड कापड मोठ्यांनी कापावं. दोन-तीन जणांच्या बोटाला टोचलं, धुतलं, पट्टी लावली, पुन्हा बसले.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातल्या कार्यानुभव आणि कलेच्या तासिका वापरल्या, काही वेळा गणिताच्या. शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव बुडतो, असं काही पालक म्हणाले. परिमिती, भागाकार, मोजमाप आणि शब्दसंपत्ती ही शिष्यवृत्तीतच असते, एवढं मी त्यांना सांगितलं. खर्च सुया, दोऱ्याची रिळं आणि कार्डशीट एवढाच. कापड सगळं घरांतून आलं. कुणाकडे जुनं कापडही नसेल तर त्याला सगळ्यांसमोर विचारू नका, वर्गात एक चिंध्यांची पिशवी ठेवा आणि सगळ्यांनीच त्यातून घ्या.

पुन्हा निबंध

वाकळ पूर्ण झाल्यावर मी पुन्हा निबंध दिला. विषय 'माझी मांजर'. फळ्यावर काही लिहून दिलं नाही. या वेळी शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. लाल पेन बराच चालला असता, पण मी आधी नुसतं वाचलं.

एकाने लिहिलं होतं, 'माझ्या मांजरीचे कान वेगळे हालतात पन कापडाचे कान हालत नाहीत म्हनून मी एक कान वाकडा लावला.' खराट्यावाल्या आईच्या मुलाने लिहिलं होतं, 'आमची मांजर दूध सांडते. मला तिचा राग येतो. पन रात्री ती माझ्या पायापाशी झोपते तेव्हा येत नाही.' आणि काळ्या मांजरीवाल्या मुलीने शेवटी लिहिलं होतं, 'माझी मांजर कोनाला आडवी जानार नाही ती शिवलेली आहे.'

यातली एकही ओळ मी फळ्यावर लिहून देऊ शकलो नसतो. म्हणून तुम्हाला सांगतो, तयार निबंध देणं थांबवू या. मुलांना लिहायला काही नसतं म्हणून ती आपलं उतरवतात. आधी त्यांच्या हाताला काहीतरी खरं करायला द्या. मांजरच हवी असं नाही. तुमच्या गावात टोपल्या विणत असतील तर टोपली, मडकी होत असतील तर मडकं. पण ते शेवटपर्यंत जाऊ द्या आणि कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या.

वाकळ अंगणवाडीत आहे. परवा सहज डोकावलो. त्या आईंचं लेकरू पण तिथेच निजलं होतं, पण वाकळेच्या दुसऱ्या टोकाला, काळ्या मांजरीपासून लांब. सेविका ताई म्हणाल्या, रोज तिकडेच टाकायला सांगितलंय. हरकत नाही. वाकळ १२० सेंटिमीटर लांब आहे, दोघांनाही जागा आहे. त्या मुलाची मोठी बहीण माझ्या वर्गात आहे, वहीचे रकाने तिनेच आखले होते.